झुलीखालचं ऊन

चुडाव्याच्या शिवारात भुजंगनानाएवढा काळजी करणारा माणूस दुसरा नव्हता. आभाळ आलं तर पावसाची काळजी, आभाळ नाही आलं तर उन्हाची. धंद्याने तो बैलबाजारातला दलाल. रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं धरून भाव ठरवायचा, आणि जनावराचे दात, खूर, चाल बघून ते किती वर्षं कामाला येईल ते सांगायचा. त्याचं सहसा चुकत नसे. तरी सौदा झाल्यावर आठवडाभर त्याला घास गोड लागत नसे. बैल लंगडला तर लोक आपल्याला काय म्हणतील, हे त्याच्या डोक्यात घुमत राहायचं.

तो, त्याची बायको कडूबाई आणि सून सत्यशीला आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरावर, राहत. मुलगा रंगनाथ रेल्वेच्या गँगमध्ये होता, पंधरा दिवसांनी घरी यायचा. आमचा आखाडा त्यांच्या बांधाला लागूनच, त्यामुळे त्यांच्या घरात काय शिजलं आणि काय करपलं ते आम्हाला आधी कळायचं. गावात वीज आली होती. आमच्या बाजूला यायचे विजेचे डांब मात्र कुठे अडले होते, ते देवालाच ठाऊक.

दोन वर्षांपूर्वी सत्यशीलाचं पहिलं बाळंतपण रात्री याच आखाड्यावर झालं होतं. ऐन वेळी वाऱ्याने रॉकेलची चिमणी विझली. काडेपेटी सापडून ती पुन्हा लागेपर्यंत सगळं संपलं होतं. दगडाबाई सुईण शपथेवर सांगायची, की दिवा असता तरी ते लेकरू वाचलं नसतं. नानाला ते कधी पटलं नाही. आता सुनेला पुन्हा दिवस गेले होते, चैत्र लागला होता, आणि संध्याकाळी वारा सुटला की नाना चिमणीपुढे दोन्ही हातांचा आडोसा करून बसे. त्याचा चेहरा बघून सून आणखीच धास्तावायची.

त्यात कुणीतरी सांगितलं, परभणीच्या शेतकरी मेळाव्यात सूर्यावर चालणारा दिवा मिळतो. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे एसटी उभ्या होत्या, म्हणून नाना रेल्वेने गेला. तिथल्या साहेबाने काचेची पाटी दाखवली, बॅटरी दाखवली, दोन ट्यूब लावून दाखवल्या. सरकारी सूट धरूनही किंमत चांगल्या दुभत्या म्हशीएवढी. नाना चक्रावला. दात नाहीत, खूर नाहीत, चालवून बघायची सोय नाही, मग पारख करायची कशी? त्याने पाटीला चहूबाजूंनी प्रदक्षिणा घातली, टिचकी मारून बघितली आणि सवयीने साहेबाच्या हातावर रुमाल टाकून त्याची बोटं धरली. साहेबाने हात झटकन मागे ओढला.

"अहो आजोबा, भाव ठरलेला आहे!"

"ते झालं हो. पण खोडीचं निघालं तर परत घेताव का?"

नानाने म्हैस विकली. कडूबाईने त्या दिवशी चूल पेटवली नाही.

"घरात लेकरू यायलंय अन् ह्यांनी दुधाचं भांडं विकलं! दिवा काय लेकराला पाजायचाय का?"

बसवणारा माणूस आला. पत्र्यावर पाटी ठोकली, "दिवसभर ऊन लागू द्या" म्हणाला आणि जेवून गेला. दिवा लागला तसा आखाडा लख्ख झाला. आम्ही सगळे बघायला गेलो. शिवारातली माणसं रोज येऊ लागली, पाटीकडे टक लावून बघू लागली, आणि नानाला नवीन काळजी लागली. दलालांची रीतच असते, नवं जनावर आणलं की पहिले काही दिवस लोकांच्या नजरेआड ठेवायचं, नाहीतर दृष्ट लागते. पोळ्याची झूल पेटीतून काढून त्याने ती पाटीवर घातली. सकाळी झाकायची, दिवा लावायच्या वेळी काढायची. ऊन लागतंय ना, याचीही त्याने खात्री केली होती. झुलीखाली हात घालून बघायचा, तर काच चटका बसेल एवढी तापलेली असायची. मग आणखी काय पाहिजे?

तिसऱ्या दिवशी ट्यूब फडफडली. चौथ्या दिवशी लागलीच नाही.

नानाचं तोंड काळं पडलं. आयुष्यभर दुसऱ्यांना फसण्यापासून वाचवलं आणि स्वतःच्या गळ्यात मात्र मरतुकडं जनावर बांधून घेतलं! आणि सुनेचे दिवस तर भरत आलेले. त्याने पुन्हा चिमणी पुसून ठेवली. ती चिमणी बघून सत्यशीला बाहेर जाऊन उभी राहिली.

"परभणीला जाऊन त्याच्या दारात फेकतो ती पाटी," नाना दुसऱ्या दिवशी शिडीला हात लावून म्हणाला.

सत्यशीला बाजेवर पापड घालत होती. तिने वर पाहिलं.

"मामा, एक इचारू का? पापड झाकून वाळतेत का?"

"म्हंजी?"

"ती झूल काढा की. ऊन लागू द्या म्हणला होता न्हवं त्यो?"

"अगं, काच तापायली की लय! मी सोता हात लावून बगितलं!"

"तापायली. पण उजेड कुठं पडायलाय तिच्यावर?"

नाना शिडी चढला. त्याने झूल ओढली आणि घडी न घालताच खाली टाकली. कडूबाई हसून हसून भिंतीला टेकली. म्हैस गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

कडक उन्हात बॅटरी हळूहळू भरली आणि दिवा पुन्हा सरळ जळू लागला. तरी नाना संध्याकाळी घटकाभर लावून लगेच बंद करायचा. वेळ येईल त्या दिवशी कमी पडायला नको. जेवणं अंधारात. ताटात आमटी आहे की वरण, ते तोंडात गेल्यावर कळे.

वेळ आली ती सकाळी. दिवसभर नाना अंगणात फेऱ्या घालत होता, आभाळात ढगाचा तुकडा दिसला तरी त्याच्याकडे रागाने बघत होता. दिवस मावळायच्या आधी मुलगी झाली, खणखणीत रडली. दगडाबाई हात धुवून बाहेर आली आणि पदराला पुसत म्हणाली, "भुजंगा, म्हैस बी गेली अन् पोरगी तर दिवसाउजेडी झाली. सौदा बुडाला की रे!"

सगळे हसले. नानाही हसला, पण त्याचा चेहरा उतरला होता. खरंच आपण चुकलो, असं त्याला मनापासून वाटलं. मला त्याची दया आली.

अंधार पडल्यावर त्याने दिवा लावला. कडूबाईने बाळाला पुसून आईजवळ ठेवलं. घटका झाली तसा नानाचा हात बटणाकडे गेला.

"मामा, ऱ्हाऊ द्या," सत्यशीला म्हणाली.

"बॅटरी उतरंल, बाई."

"पयल्याचं तोंड मला कुणी दाखवलं न्हाई, मामा. अंधारातच नेलं. हिचं बगू द्या."

नानाने हात खाली घेतला. त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि त्या तो पुसतही नव्हता.

"बग बाई," तो म्हणाला. "पोटभर बग."