तीन वह्या, एक कागद

आत्माराम सकपाळ आरोग्य केंद्रात हिवतापाचा कर्मचारी होता. दर पंधरा दिवसांनी आगरनिव्यातल्या प्रत्येक घरी जायचं, कुणाला ताप असला तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि दारामागे भिंतीवर रंगवलेल्या चौकोनात तारीख टाकून सही करायची, एवढं त्याचं काम. सगळा गाव त्याला ‘मलेरियावाला’ म्हणायचा. तो खालच्या बौद्धवाडीतलाच. त्याचं घर वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला होतं.

पंच्याऐंशी सालच्या जानेवारीत तो फेरीवर असताना त्याच्याच वाडीतल्या जनीने त्याला हाक मारली. तिचा नवरा मुंबईला. घरात ती आणि तिचा सासरा धाकू. धाकू ओटीवर पडून होता. घामाने सगळा निथळत होता, तोंडातून लाळ गळत होती, हात थरथरत होते.

“ताप हाय का?” आत्मारामने विचारलं.

“नाय ना दादा. अंग गार हाय. परवापासून नुसता ओकतोय. शेजारच्या दोघींना पन तसंच झालंय.”

आत्मारामने नियमाप्रमाणे रक्त घेतलं. तिघांच्या काचा तपासून आल्या, एकातही हिवताप नव्हता. तोवर शेजारणी उठून कामाला लागल्या होत्या. पुढच्या पंधरवड्यात वाडीत आणखी सात माणसं तशीच पडली. धाकू मात्र उठला नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो गेला. केंद्रातल्या नोंदीत कारण लिहिलं गेलं, ‘वार्धक्य’.

“साहेब, एवढ्या माणसांना एकदम वार्धक्य कसं येईल?” त्याने डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर नवे होते, माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्याकडे बावीस गावं होती. “खाण्यात काहीतरी बाधलं असेल,” ते म्हणाले. “तारखा, घरं, काहीतरी लिहून आण. नुसतं सांगून मी वर काय कळवू?”

ते शब्द आत्मारामने मनावर घेतले. त्याने दोनशे पानी वही विकत घेतली आणि घरोघर पुन्हा फिरला. कोण आजारी पडलं, कुठल्या दिवशी, काय झालं, पाणी कुठलं प्यायलं. सोनूबाई म्हणून एक म्हातारी होती, ती वैतागली. “रगत घेतलंस तेवढं पुरे नाय झालं? आता काय जनमकुंडली मांडतोस?” आत्माराम हसला, आणि तिचंही नाव, तारीख लिहून घेतली.

अडचण तारखांची होती. लोकांना ‘बाजाराच्या आदल्या दिवशी’ असं आठवायचं, नेमकं नाही. म्हणून तो शाळेत शालनबाईंकडे गेला. शालनबाई वीस वर्षं तिथे शिकवत होत्या आणि गैरहजर मुलाच्या नावापुढे कारण लिहायची त्यांना सवय होती. त्यांनी हजेरीपट उघडला. आठ जानेवारीला खालच्या वाडीतली पाच मुलं गैरहजर, ‘उलट्या’. तेवीस जानेवारीला चार. वरच्या वाडीतलं एकही नाही.

“बरोब्बर पंधरा दिवसांनी,” बाई म्हणाल्या. “आत्माराम, या गावात दर पंधरा दिवसांनी काय होतं?”

“मी येतो,” तो म्हणाला, आणि दोघंही हसले. मग बाई खिडकीतून वरच्या उतारावरच्या आंब्याच्या कलमांकडे बघत म्हणाल्या, “आणि मोहोरावर औषध मारतात.”

बाग एका बाहेरच्या ठेकेदाराने घेतली होती. फवारणीवर मुकादम होता बाळा, कुठल्या दिवशी कुठल्या कलमांवर कुठलं औषध मारलं ते तो वहीत लिहायचा. आत्मारामने त्याला गाठलं तेव्हा तो आधी बोलेचना.

“दादा, वही दाखवली तर मालक मला ठेवील का?”

आत्मारामने जोर केला नाही. स्वतःची वही त्याच्या हातात दिली. “तू माझी बघ आधी. तुझी दाखवायची की नाही ते मग ठरव.”

बाळा बांधावर बसून पानं उलटत राहिला. यातली निम्मी माणसं त्याच्याबरोबर शेतात राबलेली. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच शाळेत आला. वही त्याने सदऱ्याच्या आत लपवून आणली होती.

शालनबाईंनी आलेखाचा मोठा कागद टेबलावर पसरला. आडव्या रेषेवर दिवस. फवारणी हिरव्या पेन्सिलीने, मुलांची गैरहजेरी निळ्या, आजारी माणसं तांबड्या. पण रंग जुळेनात. फवारणी पाच आणि सहा तारखेला, माणसं पडली आठला. शिवाय बागेला लागून वरची वाडी, औषधाचा वास तिथे जास्त, आणि तिथे कुणाला काही नाही.

“मग सात तारखेला काय केलंत?” आत्मारामने विचारलं.

“काय नाय. फवारणीला सुट्टीच. पंप आन् पिंपं धुतली.”

“कुठे?”

बाळाने उत्तर द्यायच्या आधीच त्याचा चेहरा उतरला. “वहाळावर,” तो हळूच म्हणाला.

खालच्या वाडीची विहीर उथळ, हिवाळ्यातच आटायची. मग लोक वहाळाच्या पात्रात झरा खणून त्याचं पाणी प्यायचे. वरच्या वाडीला मात्र विहिरीचं पाणी पुरायचं.

आत्मारामने कागद डॉक्टरांना दिला, डॉक्टरांनी तो जिल्ह्याला पाठवला. मे महिन्यात एक माणूस आला, गावच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेला. पावसाळ्यात अहवाल आला: पाणी पिण्यास योग्य. झऱ्याचं पाणी कुणी घेतलंच नव्हतं, आणि मे महिन्यात फवारणीही नव्हती.

त्या दिवशी आत्माराम खूप संतापला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नव्या वहीवर रेषा आखायला घेतल्या. “पुढच्या मोहोराला आपण आधीच तयार राहू,” तो शालनबाईंना म्हणाला.

डिसेंबरात बाळाने पिंपं धुवायचा दिवस दोन दिवस आधी कळवला. धुणं थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. आत्माराम घरोघर फिरला. “चार दिवस झऱ्याचं पाणी पिऊ नका, गुरांनाही दाखवू नका.” पाणी शाळेच्या विहिरीवरून आणायचं ठरलं. शाळा वरच्या वाडीत. बौद्धवाडीच्या बायका हंडे घेऊन आल्या तेव्हा वरच्या वाडीतले दोघेजण जाब विचारायला आले, हे कुणाला विचारून. शालनबाई रहाटाशेजारी उभ्या राहिल्या. “विहीर सरकारी आहे. तक्रार करायची तर कागद देते, माझ्यासमोर लिहा.” त्या दोघांनी काही लिहिलं नाही.

पिंपं धुतली त्या दुपारी डॉक्टरांनी स्वतः येऊन झऱ्याचं पाणी बाटलीत भरलं. त्या खेपेला वाडीत एकच माणूस पडलं, सोनूबाई. तिने आत्मारामचं ऐकलं नव्हतं. पण या वेळी कशावर उपचार करायचा ते डॉक्टरांना माहीत होतं. इंजेक्शनं जवळ ठेवलेली होती. चार दिवसांनी ती उठून बसली आणि म्हणाली, “लिही माजं नाव परत.”

पाण्यात औषध सापडलं. अहवालासोबत या वेळी तिन्ही वह्यांच्या नकला आणि दोन मोहोरांचे कागद जोडलेले होते. डॉक्टरांनी खाली सही केली, शिक्का मारला. फेब्रुवारीत तहसीलदार आले. वहाळावर पंप धुवायला बंदी झाली. वर सड्याच्या उघड्या माळावर, पाण्यापासून लांब, कातळात खड्डा खोदून तिथे धुणं सुरू झालं. ठेकेदाराने काही कबूल केलं नाही, धाकूच्या घरी कुणी फिरकलं नाही. बाळाचं काम गेलं. तो मुंबईला गेला आणि गोदीत लागला. आत्मारामला त्याचं फार वाईट वाटलं. त्याने तसं पत्र लिहिलं. बाळाचं उत्तर दोन ओळींचं होतं: ‘यंदा कोन पडलं का ते कळवा. बाकी बरं हाय.’

सत्त्याऐंशीच्या मोहोरात कुणीच पडलं नाही. आत्मारामने बाळाला तसं कळवलं. मग त्याने डॉक्टरांकडे परवानगी मागितली, शेजारच्या चार गावांतल्या शाळांचे हजेरीपट बघायची. डॉक्टरांनी विचारलं, “तुझी हिवतापाची फेरी कोण करणार?”

“फेरी करतच बघतो, साहेब. प्रत्येक घरात जातोच आहे, तर आणखी दोन प्रश्न विचारीन.”

सोमवारी सकाळी तो काचांची पेटी आणि एक कोरी वही घेऊन पुढच्या गावच्या शाळेत गेला. तिथल्या गुरुजींना नमस्कार केला आणि विचारलं, “गुरुजी, मूल आलं नाही तर तुम्ही कारण लिहिता का?”