मागच्या भिंतीचा सज्जा

"वर या नं, भाऊ! खाली गर्दीत काय दिसते?"

लाकडी सज्ज्यातून अर्धं अंग बाहेर काढून ते ओळखीच्या-अनोळखीच्या कोणालाही अशी हाक मारत. इतवारीतल्या आमच्या रस्त्यावर ते सगळ्यांचेच काका.

तुम्ही इतवारीत मान वर करून चालला असाल, तर असे सज्जे पाहिले असतील. खाली दुकानं, वर सागवानी खांब आणि खांबांवर कोरलेली केळफुलं. काकांच्या सज्ज्याचा थाट मात्र पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बघावा. काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या भल्यामोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली की तिथं पाय ठेवायला जागा नसे. काकूंचा चहा पुरत नसे, आणि आपल्या आजोबांनी सज्जा याच दिवसासाठी बांधला असं काका बिनदिक्कत ठोकून देत. मूलबाळ नसलेलं ते घर वर्षातून त्या एका दिवशी भरे.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. घराचा पुढचा भाग जाणार होता. काकांनी सुताराकडून सज्जा अलगद उतरवून घेतला आणि उरलेल्या घराच्या मागच्या भिंतीला बसवला. समोर हातभर अंतरावर नव्या कॉम्प्लेक्सची सिमेंटची भिंत! हौसेला मोल नाही म्हणतात ते हेच, असं म्हणून सगळे हसले. मीही विचारलं, "काका, इथून काय पाहाल?"

"माणसं येतीन नं गा," ते म्हणाले. "लोक माह्या सज्ज्यात येत होते, रस्त्यात थोडीच!"

त्या वर्षी मारबतीला काकांनी घरातल्या सगळ्या खुर्च्या मांडल्या. आलो मी एकटा. आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून बसलो. घराच्या पुढून ढोल वाजू लागले. काका डोळे मिटून मला सांगत होते, "काळी आली वाटते... आता पिवळी वळून राहिली." मग त्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"जिना मागं गेला नं," ते हळूच म्हणाले. "सापडला नसन त्यायले."

मी उगाच आणखी चहा मागितला.

थंडीत काका गेले.

यंदा मिरवणूक निघाली तेव्हा माझे पाय आपोआप त्या जिन्याकडे वळले. काकूंनी दार अर्धंच उघडलं.

"खालूनच पाहा, भाऊ," त्या म्हणाल्या. "ते सांगत होते तोवर दिसे सारं. आता तिथं भिंत आहे."