टेक्सासला बसायला गेलेले मेहुणे

माझ्या मेहुण्यांइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या इलिनॉयमध्ये दुसरा नसेल, आणि असलाच तर त्या दोघांची भेट झालेली नाही, कारण भेट व्हायला दोघांपैकी एकाने तरी एका जागी थांबावं लागतं. शॉमबर्गच्या त्यांच्या घरी मी तीस वर्षं जेवतो आहे. वरणापासून ताकापर्यंत त्यांना सलग खुर्चीत बसलेलं मी पाहिलेलं नाही. वरण वाढलं की त्यांना गराजचं दार आठवतं, भाजीच्या वेळी डिशवॉशरचा आवाज बरोबर नसतो, आणि ताक ते बहुधा मागच्या अंगणात उभ्यानेच पितात. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर म्हणून काढली, आणि त्या काळात ऑफिसने त्यांना दिलेली खुर्ची निवृत्तीच्या दिवशी नव्यासारखी निघाली असं वहिनी सांगतात. केस कापायला ते दोन खेपांत जातात. भारताच्या विमानप्रवासात ते इतके चालतात की त्यांचं तिकीट का काढायचं, हा वहिनींचा जुना प्रश्न आहे. अशाच एका प्रवासात एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना विमानातला कर्मचारी समजून पाणी मागितलं. त्यांनी ते नेऊन दिलं, आणि मग पुढच्या चार रांगांनाही विचारून आले.

ही अस्वस्थता चिडकी नव्हती, हे आधी सांगायला हवं. त्यांना दुसऱ्याचं काहीतरी करायचं असे. माझ्या घरी आले की पंधरा मिनिटांत माझ्या पुस्तकांचं एखादं डुगडुगणारं कपाट सरळ होई, आणि मी 'दादा, बसा की जरा' म्हटलं की 'बसतो, बसतो' असं जिन्यावरून ऐकू येई. मी कॉलेजच्या लायब्ररीत कॅटलॉग करणारा माणूस. माझं सगळं आयुष्य बसण्यात गेलं. ते मला सगळ्यांसमोर म्हणत, "आमचे दाजी म्हणजे फर्निचर. हलवायचं असेल तर दोन माणसं लागतात." यावर सर्वांत जास्त हसायची ती माझी बायको, म्हणजे त्यांची धाकटी बहीण.

ती गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेली. अठरा दिवस हॉस्पिटलमध्ये होती. दादा रोज यायचे, सकाळ-संध्याकाळ यायचे, आणि खोलीत टिकायचे नाहीत. ब्लँकेट आणून द्यायचे, पडद्याची दोरी नीट करायचे, माझी गाडी बर्फातून उकरून ठेवायचे. "दादा, बस ना माझ्याजवळ," असं ती दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा ते बसले आणि दोन्ही वेळा लगेच उठले. ती गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होतो, आणि ते खालच्या मजल्यावर मेंटेनन्सच्या माणसाला शोधत होते, कारण लिफ्टचं दार बंद होताना जो आवाज करत होतं तो त्यांना पटला नव्हता.

पुढे सहा-सात महिने त्यांचं चालणं इतकं वाढलं की त्यांनी बुटांचे तीन जोड झिजवले. मला झोप येत नव्हती आणि त्यांना बसवत नव्हतं. सप्टेंबरातल्या एका शनिवारी ते माझ्या दारात आले, हातात नकाशा होता, आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "दाजी, शिकारीला जायचं. टेक्सासला. हरीण आणि रानडुक्कर."

हा माणूस घरातल्या कोळ्याला कागदावर घेऊन बाहेर सोडतो. मटण खातो, पण कसायाच्या दुकानात वहिनींना पुढे करतो. त्यांनी माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि खरं कारण सांगितलं. त्यांच्या शेजारचा अमेरिकन दर वर्षी विस्कॉन्सिनला हरणं मारायला जायचा. शिकार म्हणजे नव्वद टक्के बसणं, असं तो बोलता बोलता म्हणून गेला होता. मचाणावर बसायचं, तीन-तीन तास, हलायचं नाही, बोलायचं नाही. हललं की सगळं संपलं.

"मला बसायला शिकायचंय," दादा म्हणाले. "घरी बसून बघितलं, होत नाही. काहीतरी कारण लागतं. ती म्हणाली होती बस म्हणून, तर मला दहा मिनिटं नाही जमलं. माणसासाठी जमलं नाही, आता जनावरासाठी तरी जमतंय का बघतो."

"मग विस्कॉन्सिनला जा. जवळ आहे."

"थंडीत बसायचं म्हणजे एकदम दोन परीक्षा झाल्या. टेक्सासला ऊब असते. आणि तिथे हरणाचा सीझन असतो, डुकरांना तर सीझनच नाही, बारा महिने चालतं. हरीण नाही आलं तर डुक्कर येईल. काहीतरी यायला पाहिजे ना बसलेल्या माणसासमोर."

"मी कशाला?"

"तुम्हाला बसता येतं," ते म्हणाले. "तुम्ही नुसते शेजारी बसा."

तिथून पुढचे दोन महिने त्यांनी जी तयारी केली तिच्यात एखादी लहान लढाई झाली असती. टेक्सासमधल्या एका रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या जमिनीवर, त्यांनी जागा ठरवली; तो भाग आम्ही दोघांनीही पाहिलेला नव्हता. जवळच्या गावाचं नाव आम्ही दोघं दोन प्रकारे उच्चारत होतो आणि तिथली माणसं तिसऱ्याच प्रकारे उच्चारतात असं पुढे कळलं. त्यांनी संगणकावर तक्ता केला. त्यात वाऱ्याची दिशा होती, चंद्राच्या कला होत्या, सूर्यास्ताच्या वेळा होत्या, वाटेवरची सगळी विश्रांतिस्थळं होती आणि प्रत्येकातल्या बाथरूमबद्दल इतर प्रवाशांनी दिलेली मतंही होती. शिकाऱ्यांसाठीचा सुरक्षिततेचा कोर्स त्यांच्या वयाच्या माणसाला माफ होता, तरी त्यांनी तो केला. सगळा वर्ग शाळकरी मुलांचा. त्यात हे एकटे सत्तरीचे, आणि तेही मागे उभे. बंदुकीचं तोंड कुणाकडे नसावं, हे शिकून आल्यावर आठवडाभर त्यांच्या घरी झाडूसुद्धा जमिनीकडे तोंड करून नेला जात होता. शेजाऱ्याने त्यांना नेमबाजीच्या रेंजवर नेऊन रायफल धरायला शिकवलं, आणि नेम चांगला निघाला याचं त्यांना स्वतःलाच जरा वाईट वाटलं.

पण खरा सराव बसण्याचा. तळघरात खिडकीपुढे एक प्लास्टिकची खुर्ची ठेवून ते मांडीवर झाडूचा दांडा घेऊन बसत, आणि वहिनी स्वयंपाकघरातला टायमर लावून जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबत. "सात मिनिटं," वहिनी मला फोनवर सांगत. "आज सात झाली. मग बॉयलरकडे बघायला गेले." एकदा चौदा झाली, तेव्हा वहिनींनी शिरा केला. शनिवारी सराव माझ्याकडे असे. मी पुस्तक वाचायचो, ते शेजारच्या कोचावर बसून माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचे, आणि थोड्या वेळाने ते घड्याळ दुरुस्त झालेलं असायचं.

आमच्याकडे त्या वर्षी दिवाळी नव्हती. तो आठवडा नुसता बसून काढण्यापेक्षा बरा, म्हणून आम्ही दिवाळीनंतरच्या सोमवारी निघालो. गाडी ते चालवत होते, आणि दर पाऊण तासाला उतरून टायरांना लाथ मारून बघत होते. टेक्सासमध्ये शिरल्यावर प्लेनोला माझ्या मुलीकडे एक रात्र राहिलो. तिने मामाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, यू? हंटिंग?" मी म्हटलं, मी फक्त बसणार आहे. "ओके," ती म्हणाली, "दॅट आय बिलीव्ह."

रँचची मालकीण साठीची, उंच, कमी बोलणारी बाई होती. तिने आम्हाला रायफल दिली, एका झुडपाळ माळाच्या कडेला चार पायांवर उभं असलेलं लाकडी खोकं दाखवलं, आत दोन खुर्च्या दाखवल्या, समोर ठरलेल्या वेळी मका सांडणारं पिंप दाखवलं, आणि मग ती थांबून दादांच्या बाहीचा वास घेऊ लागली.

"हा वास कसला?" तिने विचारलं.

दादांनी शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणात तीनदा धुतले होते. फोडणीचा वास लागू नये म्हणून ते गराजमध्ये वाळवले होते, आणि निघण्याआधीचे चार दिवस घरात हिंग वर्ज्य होता. एवढं करून बॅग भरायला दिली होती वहिनींकडे. दादांनी आता बॅग उघडून पाहिली, तर चारी कोपऱ्यांत रुमालाच्या पुरचुंड्या होत्या आणि त्यांत डांबराच्या गोळ्या.

त्यांनी तिथूनच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अगं, गोळ्या कशाला घातल्यास?"

"लोकरीचे कपडे आहेत, मग घालायला नकोत? कसर लागली म्हणजे?"

"अगं, हरणाला अर्ध्या मैलावरून वास येतो."

"बरंच आहे की," वहिनी म्हणाल्या. "त्यालाही कळेल माणसं आलीत म्हणून. दाजी, यांनी जेवणात दही घेतलं का?"

त्या दुपारी आम्ही तसेच डांबराच्या वासात बसलो. बसलो म्हणजे मी बसलो. दादांनी विसाव्या मिनिटाला खिडकीची बिजागरी तपासली. तिसाव्या मिनिटाला फळ्या मोजल्या. पुढे पायाला रग लागली म्हणून ते शिडीवरून खाली उतरले, आणि शिडीची तिसरी पायरी सैल वाटली म्हणून पुन्हा उतरले. पिंपाने वेळेवर मका सांडला. त्यावर चिमण्यांएवढे काही पक्षी आले, आणि दादांनी घसा साफ केल्यावर तेही गेले. अंधार पडायच्या सुमाराला मालकीण गाडी घेऊन आली. उतरवताना एवढंच म्हणाली, की वास धुऊन जाईल, हालणं धुऊन जात नाही.

दादा जेवले नाहीत. रँचवरच्या खोलीत दोन पलंगांच्या मधल्या जागेत येरझाऱ्या घालत राहिले. "उद्याची एकच दुपार आहे," ते म्हणाले. "परवा सकाळी निघायचं. दाजी, स्पष्ट सांगा, हे माझ्यात नाहीच का?" मी म्हटलं, तिला तुमचा राग नव्हता. ते म्हणाले, "तिला नव्हता हो. ते माहितीये मला."

दुसऱ्या दिवशी मालकिणीने दादांना तिच्या नवऱ्याचा जुना शिकारी पोशाख आणून दिला. नवरा आडमाप असावा. बाह्या तीनदा दुमडल्या तरी दादांची बोटं आतच राहिली, आणि विजार त्यांनी काखेपर्यंत वर ओढून दोरीने बांधली. तीन वाजता आम्ही खोक्यात चढलो. रायफल त्यांच्या मांडीवर, मी त्यांच्या डावीकडे. ऊन तिरपं होऊन आत येत होतं. वारा तोंडावर होता, तो तसाच हवा असतो. वाळलेल्या गवताचा वास येत होता. दादांचा उजवा गुडघा हलत होता, त्यांनी त्याच्यावर हात ठेवला, मग हात हलू लागला. मी ते पाहत होतो, आणि पाहता पाहता मला बरेच महिने न आलेली झोप आली.

जाग आली तेव्हा समोरचा माळ राखाडी झाला होता. माझं डोकं दादांच्या खांद्यावर होतं आणि त्या भल्यामोठ्या बाहीवर माझी लाळ सांडली होती. रायफल कोपऱ्यात टेकवून ठेवलेली होती. मी चटकन सरळ झालो.

"उठलात," ते हळूच म्हणाले. "छान झोपला होतात."

"किती वेळ?"

"दोन तास वीस मिनिटं."

"काही आलं का?"

"आधी डुकरं आली. सात होती, त्यांत पिल्लंच जास्त. ती गेल्यावर एक नर आला. मोठी शिंगं, हा एवढा." त्यांनी दाखवायला हात उचलला नाही, नजरेनेच माप दिलं. "तीस यार्डांवर उभा होता. मका खाल्ला, इकडे बघितलं, परत खाल्ला. बराच वेळ होता."

"मग?"

"मग काय, तुम्ही झोपला होतात. रायफल उचलायची म्हणजे तुमचं डोकं ज्या खांद्यावर, तोच हात हलवावा लागणार."

लांबून मालकिणीच्या गाडीचे दिवे येताना दिसले. दादांनी उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा खाली बसले. डावा पाय कमरेपासून बधिर झाला होता. मी खाली वाकून त्यांचा बूट काढला आणि पोटरी चोळायला घेतली. ते खिडकीतून बाहेर बघत होते, जिथे आता काहीच दिसण्यासारखं राहिलं नव्हतं.

"एवढंच होतं हो, दाजी," ते म्हणाले. "एवढंच करायचं होतं."

खाली गाडी येऊन थांबली. मालकिणीने वर पाहून विचारलं, काही मिळालं का. दादांनी मान हलवून नाही म्हटलं, आणि पाच मिनिटं मागितली. तिने इंजिन बंद केलं. त्यांच्या पायाला आधी मुंग्या आल्या, मग कळा आल्या, मग त्याही ओसरल्या, आणि पाय मोकळा झाल्यावरही आम्ही दोघं तिथे तसेच बसून राहिलो. तिने हॉर्न वाजवला नाही.