जमिनीवरच्या पाच जाळ्या

"हीटरची आग परत बंद पडली," माझा जोडीदार शिरोडकर म्हणाला.

मला ते कळलं होतं. ट्रेलरमधल्या गालिच्यावर पालथा पडून मी किचनच्या कपाटाखालच्या जाळीसमोर हात धरला होता. आधी गरम हवा आली, इतकी गरम की हात मागे घ्यावा लागला. दोन मिनिटांत आत कुठेतरी टक् असा आवाज झाला आणि त्याच जाळीतून गार हवा यायला लागली. पंखा चालू, आग बंद. थोड्या वेळाने पुन्हा आग, पुन्हा टक्. साडेअकरापासून हाच खेळ चालला होता आणि आता दोन वाजत आले होते. मी दर पाच मिनिटांनी खिडकीतून सूर्य कुठवर आलाय ते बघत होतो.

ओमान म्हटलं की लोकांना वाळू आणि ऊन आठवतं. पण जबल अख्दर हा डोंगर दोन हजार मीटर उंच आहे. जानेवारीत तिथे पाचच्या सुमाराला सूर्य कड्यामागे गेला की पारा धाडकन खाली येतो. सकाळी पाण्याच्या पिंपावर बर्फाची पापडी धरते. आणि मी पडलो एसीवाला माणूस. मस्कतजवळच्या बौशरच्या वर्कशॉपमध्ये सतरा वर्षं काढली, ती सगळी घरं गार करण्यात. गरम करायला मला कोणी बोलावलंच नव्हतं.

बोलावलं ते एका स्टिकरमुळे. या ट्रेलरच्या छतावरच्या एसीवर आमच्या कंपनीचा स्टिकर होता. मालक सालिम मस्कतला सरकारी नोकरी करायचा. त्याने तो नंबर फिरवला आणि आमचे मॅनेजर डिमेलो साहेब, वसईचे, सवयीप्रमाणे "हो, करून देतो" म्हणून मोकळे झाले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "अरे बाबा, एसी काय, हीटर काय, हवाच ना शेवटी? जा शिरोडकरला घेऊन."

ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर. पिकअपच्या मागे जोडून न्यायचं. हा अमेरिकेत बनलेला, सेकंडहँड. आत छोटं किचन, मधे बसायची जागा, मागे बेडरूम. सालिमच्या आईच्या जुन्या घराचं छप्पर काढून नवीन टाकायचं काम चालू होतं. म्हातारी मस्कतला यायला तयार नाही, शेजारी राहणाऱ्या मुलीकडे झोपायला तयार नाही. बकऱ्या आणि डाळिंबाची झाडं सोडून ती कुठेच जाणार नव्हती. म्हणून सालिमने हा ट्रेलर घेतला आणि दाराशी आणून उभा केला.

आम्ही आल्या आल्या त्याने मला बाजूला घेऊन तीन रात्रींपूर्वीचं सांगितलं. मागची बेडरूम काही केल्या तापत नव्हती. म्हातारीने बाहेरची कोळशाची शेगडी उचलून आत नेली, दार-खिडक्या लावल्या आणि झोपली. कोळशाच्या गॅसला ना वास ना रंग. बंद खोलीत तो झोपेतच माणूस नेतो. ट्रेलरला त्यासाठी अलार्म होता, पण तो मधूनमधून पी-पी करतो म्हणून कोणीतरी बॅटरी काढून ठेवलेली. सकाळी मुलगी हाका मारत राहिली, आई उठेना. हेल्थ सेंटरवर ऑक्सिजन लावला तेव्हा डोळे उघडले. एक रात्र तिथे ठेवून कालच घरी पाठवलं होतं. काल रात्री सालिम तिच्या दाराशी बसून राहिला होता. त्याचे डोळे लाल होते.

"शेगडी काढून टाका ना," मी म्हणालो.

"मुहंदिस, मैं मना करेगा, वो हां बोलेगा. फिर मैं सोएगा, वो जलाएगा," सालिम म्हणाला. "आज गर्मी पीछे जाना चाहिए. आज."

हातात स्क्रू ड्रायव्हर असलेला प्रत्येक जण इथे मुहंदिस, म्हणजे इंजिनियर. मी आयटीआय पास. पण त्या क्षणी ते सांगायची सोय नव्हती.

तर आधीचे अडीच तास मी चुकीच्या गोष्टींच्या मागे घालवले होते. थंडीत सिलिंडरचं प्रेशर पडतं, म्हणून गॅस तपासला. ठीक. बॅटरी कमी असली तर पंखा मंद फिरतो, म्हणून बॅटरी तपासली. ती पण ठीक. रेग्युलेटर बदलून पाहिला. ज्योत निळी, सरळ. शिरोडकर थर्मोस्टॅटशी खेळत बसला. मशीनमध्ये काही खोट सापडेना आणि माझं डोकं तापायला लागलं. तेवढी एकच गोष्ट त्या ट्रेलरमध्ये नीट तापत होती.

शेवटी फर्नेसचं, म्हणजे त्या गॅसच्या हीटरचं, झाकण उघडून आतल्या बाजूला चिकटवलेला तक्ता वाचला. हे मी साडेअकरालाच करायला हवं होतं. फर्नेसचं काम असं चालतं: एका बंद पेटीत गॅस जळतो. पंखा त्या पेटीवरून हवा फिरवतो. ती तापलेली हवा जमिनीखालच्या डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळीतून, जाते आणि ठिकठिकाणच्या जाळ्यांतून वर येते. हवा उष्णता घेऊन गेली नाही तर पेटी लाल होईल, म्हणून एक सुरक्षेचा स्विच असतो. जास्त तापलं की तो आग तोडतो. तोच तो टक्.

म्हणजे मशीन शहाणं होतं. हवेला जायला वाट नव्हती. एका जाळीतून चटका बसेल इतकी गरम हवा येते, याचा अर्थ बाकीच्या जाळ्या बंद. पण बाकीच्या आहेत कुठे?

मी खाली बघितलं आणि हसूच आलं. अमेरिकन माणूस खुर्चीवर बसतो, त्याच्या जाळ्या जमिनीत. ओमानी माणूस जमिनीवर बसतो. सालिमने सोफा, टेबल सगळं काढून टाकून भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड गालिचे घातले होते, वर बसायच्या गाद्या. सगळी मजलिस, म्हणजे बैठक, जाळ्यांच्या डोक्यावर!

मी तरातरा बाहेर गेलो आणि सालिमला, तोंडाने अर्बाब म्हणजे मालक म्हणतच, चांगलं झाडलं. "अर्बाब, मशीन में कुछ नहीं है. आप लोगों ने कार्पेट डाल के हवा का रास्ता बंद किया. आप के कार्पेट की वजह से अम्मा..." पुढचं वाक्य मी पूर्ण केलं नाही एवढंच. सालिमची मान खाली गेली. "मेरा गलती," तो म्हणाला. "मुझे मालूम नहीं था." आणि तो आईला बघायला बहिणीच्या घराकडे चालू लागला.

मी आत आलो. शिरोडकरने आणि मी गाद्या हलवल्या, गालिचा गुंडाळला. जाळ्या होत्या. पाच. आणि पाचही जाळ्यांवर रुंद चंदेरी टेप मारलेली होती, अगदी कडेपर्यंत दाबून.

टेपच्या प्रत्येक पट्टीचा एक कोपरा आतल्या बाजूला दुमडलेला होता.

कोपरा मी दुमडतो. पुढच्या माणसाला टेप काढताना नखं घासावी लागू नयेत म्हणून. आमच्या वर्कशॉपमध्ये दुसरं कोणी तसं करत नाही, उलट माझी त्यावरून थट्टा होते.

मग सगळं आठवलं. दीड वर्षापूर्वीचा जून. खाबुऱ्याला समुद्राजवळ एका डीलरचं यार्ड. चार ट्रेलर विकायला उभे. आत एसी थंड करत नाही आणि वाळू येते अशी तक्रार. सेहेचाळीस डिग्री बाहेर. मी एकेका ट्रेलरमध्ये शिरून जमिनीतली प्रत्येक जाळी टेप लावून बंद केली होती. वाळू थांबली, गारवा टिकला, डीलर खूश. एसीवाल्याला जमिनीतली जाळी म्हणजे भोक दिसतं. ती कशासाठी आहे हे मी विचारलं नाही. जूनमध्ये खाबुऱ्याला उभं राहून कोणाला जानेवारीतला जबल अख्दर सुचेल? मला सुचायला हवा होता. मी त्याचेच पैसे घेतो.

शिरोडकर कुडाळचा. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, कमी बोलणारा. त्याने टेपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काढ आणि खिशात घाल," तो म्हणाला. "सालिम थय बहिणीकडे गेलो हा. कोणाक कळतला?"

मी डिमेलो साहेबांना फोन लावला. का लावला कोण जाणे. बहुधा कोणीतरी मला ओरडावं म्हणून. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "रिपोर्टमध्ये 'ब्लॉकेज रिमूव्हड' लिही. खोटं नाही ना ते? यल्ला, चल, काम संपव आणि खाली ये."

तीन वाजले होते. मी पाचही टेपा ओढून काढल्या आणि त्यांचा गोळा खिशात टाकला. फर्नेस चालू केली. आग टिकली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, टक् नाही. मधली जागा तापायला लागली. पण मागच्या बेडरूममध्ये नुसती फुंकर.

पलंगाखालचा कप्पा उघडला. तिथून जाणारी वाकडी-तिकडी लवचीक नळी तांदळाच्या गोणी आणि ब्लँकेटच्या ट्रंकेखाली चपटी झाली होती. शिवाय मूळ कारागिराने ती गरजेपेक्षा दीड मीटर लांब सोडून वेटोळी करून ठेवलेली. प्रत्येक वळणावर हवा दम सोडते. आम्ही जास्तीची नळी कापली, सरळ केली, जोड पक्के बांधले आणि वरून पत्र्याचा एक वाकवलेला तुकडा ठोकला, म्हणजे परत गोण्या ठेवल्या तरी नळी दबणार नाही.

राहिला प्रश्न गालिच्यांचा. गालिचा काढा असं सांगणं सोपं होतं. पण गालिचा काढून म्हातारी बसणार कुठे? मी पलंगाच्या खोक्याच्या उभ्या फळीत आणि बसायच्या जागेच्या कडेच्या फळ्यांत चौकोन कापले आणि नळ्यांची तोंडं तिकडे वळवून जाळ्या तिथे बसवल्या. हवा आता गालिच्याच्या वरून, बसलेल्या माणसाच्या पायांवर येणार होती. शिरोडकरने जिगसॉची करवत अशी सरळ चालवली की माझे वाकडे काप लपून गेले.

पावणेपाचला मागच्या खोलीत बावीस डिग्री. अलार्मला नवीन बॅटरी घातली. बाहेर जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढावी लागत होती.

सालिम आईला घेऊन आला. लहानशी बाई, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, चालताना मुलाचा हात झटकणारी. ती सरळ मागे गेली, पलंगावर बसली आणि नवीन जाळीसमोर तळवा धरला. बराच वेळ धरला. मग मुलीला काहीतरी म्हणाली आणि मुलीने शेगडी उचलून आवारापलीकडे नेऊन ठेवली.

सालिमने मला मिठी मारली. कॉफी आली, खजूर आले. "तुम अच्छा आदमी," तो म्हणाला. "मेरा गलती था, तुम ने ठीक किया." आणि मी हातातला खजूर परत ठेवला.

दुपारी मीच त्याला त्याच्या आईच्या जिवावरून बोललो होतो. त्याने ते खरं मानलं होतं. मी खाली निघून गेलो असतो तर जन्मभर तो तेच खरं मानत राहिला असता. ते मला सहन होईना. मी खिशातून टेपचा गोळा काढला आणि कॉफीच्या ट्रेवर ठेवला.

"ये कार्पेट के नीचे था. मैंने लगाया था. खाबुरा में, आप के लेने से पहले. आप की गलती नहीं है. मेरी है."

शिरोडकरने डोळे मिटले. सालिमला आधी कळलंच नाही. मग कळलं. तो उठून उभा राहिला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तरी माझी तक्रार नसती.

"मेरा अम्मा मर जाता," तो हळू आवाजात म्हणाला.

मी हो म्हणालो.

आईने विचारलं काय झालं. त्याने अरबीत सांगितलं, टेप दाखवली. तिने गोळा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग माझ्याकडे बघून एकच वाक्य बोलली. रागाने नाही, बाजारात भाव विचारावा तशी. सालिमने ते मला हिंदीत सांगितलं.

"अम्मा पूछता है, ऐसा और कितना गाड़ी बंद किया?"

चार ट्रेलरांचं मला दुपारीच आठवलं होतं. पण तोपर्यंत मी फक्त माझ्या चुकीचा विचार करत होतो. बाकीच्या तीन गालिच्यांवर कोण झोपत असेल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ते तिच्या आलं.

मी तिथे बसूनच खाबुऱ्याच्या डीलरला फोन लावला. एक ट्रेलर अजून यार्डातच होता. दुसरा सोहारच्या एका कंपनीने साइट ऑफिससाठी नेला होता. त्याच्या फर्नेसला कोणी हातही लावला नव्हता. शुक्रवारी स्वतःच्या गाडीने जाऊन मी दोन्ही ठिकाणच्या टेपा काढल्या. रिपोर्टमध्ये 'कॉज'च्या रकान्यात लिहिलं: आमचंच आधीचं काम. डिमेलो साहेब आठवडाभर बोलले नाहीत आणि मग एक दिवस न बोलता माझ्या टेबलावर टेपचे रोल आणि एक जाड मार्कर ठेवून गेले. आता बंद केलेल्या प्रत्येक जाळीवर आम्ही लिहितो: कोणी बंद केली, कशासाठी, आणि उघडायची केव्हा. दोन मिनिटं जातात.

सालिमचा धरून उरलेल्या चौथ्या ट्रेलरचं डीलरला एवढंच आठवत होतं: "सफेद था. निझवा साइड का आदमी, नकद दिया, ले गया. खलास."

निझवाच्या रस्त्यावर पांढरा ट्रेलर ओढणारी पिकअप दिसली की मी अजूनही मागे मागे पेट्रोल पंपापर्यंत जातो आणि मालकाला विचारतो, जरा गालिचा उचलून बघू का? बहुतेक जण वेडा समजून हसतात, पण उचलू देतात. गेल्या हिवाळ्यात एकाने मला चोर ठरवून हाकलून दिलं. त्याच्या गाडीचा नंबर मी लिहून ठेवला आहे.