आमच्या कॅसेटमध्ये ते नव्हतं

दादाची वाचा गेल्याला दोन महिने झाले होते, तेव्हा तो पहिल्यांदा गुणगुणला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, अजून पन्नाशी गाठलेली नाही. एका सकाळी दाढी करताना त्याला पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. पाय हळूहळू परत आला. काठी धरून तो चालायला लागला. हात थोडाफार आला. बोलणं मात्र आलं नाही. समजायचं सगळं, पण तोंडातून दोनच शब्द यायचे. "हे" आणि "नाय". पाणी हवं असलं तरी हे, पंखा बंद कर म्हणायचं असलं तरी हे. बाकी सगळं नाय.

मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला परळच्या हॉस्पिटलात वाचा-उपचाराला न्यायचं काम माझ्याकडे होतं. वहिनीची नोकरी होती आणि तिची रजा संपली होती. माझं ऑफिस दादरला. त्या दोन दिवशी मी हाफ-डे टाकायची, बसने करी रोडला त्यांच्या टॉवरखाली उतरायची, दादाला घेऊन टॅक्सी करायची. टॅक्सीवाले एवढ्याशा अंतराला नाही म्हणायचे. मग मी काठीकडे बोट दाखवायची. काठी बघून तिसरा-चौथा थांबायचा. हे आठवड्यातून दोनदा. साहेबांनी एकदा विचारलं, "अजून किती दिवस चालेल हे?" मी म्हटलं, "माहीत नाही, सर." खरंच माहीत नव्हतं.

उपचार करणारी मुलगी तिशीच्या आतली होती. चांगली होती, आवाज न चढवता बोलायची. ती म्हणाली होती, "बोलायचा भाग दुखावला असला तरी गाण्याचा कधीकधी शाबूत असतो. त्यांना एखादं ओळखीचं गाणं गुणगुणता आलं, तर त्या चालीवर आपण शब्द बसवू." म्हणून आम्ही आरत्या लावल्या, जुनी सिनेमाची गाणी लावली, भजनं लावली. दादा खिडकीबाहेर बघत बसायचा.

आणि त्या शुक्रवारी, कुणी काहीही न लावता, तो आपलं आपण गुणगुणला. तीन सूर वर, दोन खाली. मग थांबला. मग पुन्हा तीन वर, दोन खाली. पुन्हा त्याच जागी थांबला.

"हे कुठलं भजन आहे, ताई?" तिने मला विचारलं.

मला सांगता येईना. चाल ओळखीची होती, पण भजन नव्हतं ते. तिने कागदावर लिहून घेतलं: चाल आठवते, मधेच अडखळतात, दर वेळी पाचव्या सुरानंतर विसरतात. कागद मला दिला. पुढच्या वेळेपर्यंत ती चाल शोधून आणा म्हणाली.

घरी वहिनीला गुणगुणून दाखवलं. "गणपतीत मंडपात वाजतं तसलं काहीतरी असेल," ती म्हणाली. तिने ऑफिसची पर्सही खाली ठेवली नव्हती.

मला ते आठवलं दुसऱ्या दिवशी, ऑफिसच्या पॅन्ट्रीत कप धुताना. नळाचं पाणी वाहत होतं, माझी पाठ सगळ्यांकडे होती, आणि एकदम कळलं. ही गेमची चाल होती.

दादा दहावी पास झाला तेव्हा वडिलांनी त्याला टीव्ही-गेम घेऊन दिला होता. आम्ही तेव्हा लालबागला चाळीत राहायचो. एक खोली, मध्ये अर्धं लाकडी पार्टिशन, पलीकडे स्वयंपाकाची जागा. गेमला दोन कंट्रोलर होते. एक दादाचा, एक शेजारच्या खोलीतल्या त्याच्या मित्राचा. मी एकदा मागितला तर आई आतून म्हणाली, "तो काय चेडवांचो खेळ न्हय. तांदूळ निवडूक घे आधी." आई मालवणची, चेडवां म्हणजे मुली. तिच्यापुढे वडिलांचंही चालत नसे, माझं काय चालणार. मी पार्टिशनच्या पलीकडे पाट घेऊन बसायची. पडदा दिसत नसे. फक्त ऐकू यायचं.

गेम एका योद्ध्याचा होता. तो एक किल्ला चढतो, पायरी-पायरीने, वरून दगड येतात. कॅसेटवर भलत्याच एका गाडीचं चित्र होतं आणि नाव खरवडलेलं. आम्ही त्याला किल्लेवाला म्हणायचो. मी कधी खेळले नाही, पण दादा कुठल्या पायरीवर आहे हे मला चालीवरून कळायचं. चाल तुटली की मी आतून ओरडायची, "मेलास ना?" आणि तो बाहेरून, "गप गं, तू तुझे तांदूळ बघ."

म्हणजे तो गुणगुणत होता ती किल्ल्याच्या पायऱ्यांची चाल.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले आणि पुतणीला सगळं सांगितलं. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने योद्धा, किल्ला, पायऱ्या, दगड असं नेटवर टाकून तासाभरात गेम शोधून काढला. नुसता गेमच नाही, तर परदेशातल्या कुणा हौशी माणसाने त्याच गेमचं संगीत देशवार शेजारी-शेजारी लावून ठेवलं होतं, तेही सापडलं. जपानमधलं, अमेरिकेतलं, युरोपातलं.

"एकच गेम, मग संगीत वेगळं का?" मी विचारलं.

"मशिनं वेगळी होती म्हणे, आत्या. जपानच्या कॅसेटमध्ये आवाजाची एक जास्तीची चिप होती. अमेरिकेत विकताना ती काढली आणि संगीत पुन्हा बसवलं. आणि युरोपात टीव्ही वेगळे, त्यामुळे सगळंच हळू चालायचं."

दादा सोफ्यावर होता. पुतणीने मोबाइल त्याच्यासमोर धरला आणि आधी जपानचं लावलं. पहिले तीन सूर आले आणि दादा ताठ बसला. मी त्याचा चेहरा बघत होते. त्याने ओळखलं होतं. पण पाचव्या सुरानंतर, जिथे तो अडखळायचा, तिथे घंटांसारखी एक नाजूक लड वाजली. दादाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "नाय," तो म्हणाला.

"पप्पा, हेच आहे. ऐका ना नीट."

"नाय."

अमेरिकेचं लावलं. चाल तीच, पण धावती. घंटांच्या जागी घंटाच, जरा पातळ. "नाय. नाय." युरोपचं लावलं. वेग आमच्यासारखा वाटला, पण आवाज घोगरा, जणू कुणी ब्लँकेटखालून वाजवतंय. आणि त्या जागी पुन्हा त्याच घंटा. दादाने डाव्या हाताने मोबाइल उडवला. तो टीपॉयखाली जाऊन पडला. पुतणी रडवेली झाली, "मी आता काय चूक केली?" वहिनी कणीक मळता मळता बाहेर आली आणि म्हणाली, "पुरे करा रे आता. त्यांना त्रास होतोय."

त्या दिवशी मला वाटलं, सोडून द्यावं हे. मी दमले होते. सकाळी माझ्या घरचं आवरून आले होते, परत जाऊन संध्याकाळचं करायचं होतं, दुसऱ्या दिवशी सोमवार. कुठल्या देशात कुठल्या घंटा वाजायच्या याचं मला काय करायचं होतं?

पण बसमध्ये बसल्यावर ते डोक्यातून जाईना. मी तिथे बसून ती चाल मनात म्हणून पाहिली, पार्टिशनच्या पलीकडून ऐकायची तशी. तीन वर, दोन खाली, आणि मग... मग काही नव्हतं. तिथे खरंच काही नव्हतं. त्या जागेत मला शेजारच्या खोलीतला नळ ऐकू यायचा, जिन्यावरची चप्पल ऐकू यायची. घंटा कधीच नव्हत्या. दादा विसरत नव्हता. तो बरोबर म्हणत होता.

मी पुतणीला फोन केला. तिने त्या परदेशी माणसाच्या पानावर प्रश्न टाकला: आमच्याकडच्या कॅसेटमध्ये हळू वेगाची चाल होती, घोगरी नव्हती, आणि घंटांच्या जागी शांतता होती, असं कुठे होतं का? तिथे लोक खरं संगीत जपानचं की अमेरिकेचं यावर हमरीतुमरीवर आलेले. आमच्या प्रश्नाकडे दोन दिवस कुणी पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी एकाने लिहिलं की त्याच्या देशातही असंच होतं. स्वस्तातल्या नकली कॅसेटी जपानच्या गेमवरून काढलेल्या असायच्या, पण ती जास्तीची चिप त्यात कोण घालणार? म्हणून घंटांचा भाग मुका. आणि नकली मशीन आपल्या टीव्हीच्या वेगाने चालायचं, म्हणून हळू. त्याच्याकडे त्याचं जुनं मशीन अजून चालू होतं. त्याने त्यावरून ती चाल ध्वनिमुद्रित करून पाठवली होती. सोबत एक ओळ: आमच्या आवृत्तीला यादीत कुणी धरत नाही.

पुढच्या रविवारी पुतणीने ती लावली. या वेळी मोबाइल दादाच्या अगदी समोर नाही, लांब धरला.

तीन वर, दोन खाली, रिकामी जागा. पुन्हा तीन वर.

दादा हलला नाही. चाल संपली तशी त्याने डावं बोट वर केलं, पुन्हा लाव म्हणून. तीनदा ऐकली. चौथ्या वेळी तिच्याबरोबर गुणगुणला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदाही न अडखळता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हे." आणि हसला. झटक्यानंतर त्याचं हसू एका बाजूलाच यायचं, पण हसला.

मी आणि पुतणी दोघीही काहीबाही बोलत होतो. वहिनी कधी आत गेली ते कळलं नाही. मी मागोमाग गेले तर ती ओट्याला टेकून उभी होती, पदराने तोंड पुसत.

"वहिनी, अगं चांगलं झालं ना?"

"झालं ना, चांगलंच झालं." ती म्हणाली. "बावीस वर्षं संसार केला मी. दोन महिने घास भरवतेय. माझं नाव आलं नाही तोंडात, लेकीचं आलं नाही. आणि आठवलं काय, तर हे. माझ्या आधीचं."

खोटं बोलावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, "तू बस जरा, चपात्या मी लाटते." ती बसली नाही. दोघी उभ्या राहिलो. ती लाटत होती, मी भाजत होते.

मंगळवारी ती चाल मी हॉस्पिटलात ऐकवली आणि त्या मुलीला सांगितलं की हे अडखळत नाहीत, ती जागा मुळातच रिकामी आहे. तिने दोनदा ऐकलं, आपला जुना कागद काढला, त्यावरची ओळ खोडली. म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मी त्यांना तिथे काहीतरी भरायला लावत होते." मग तिने त्या पाच सुरांवर पाच अक्षरं बसवली: म-ला-च-हा-दे. दादाच्या डाव्या हातावर टिचकी मारत ती म्हणायची, तो पाठोपाठ म्हणायचा. पहिले दोन आठवडे नुसता आ-आ-आ. तिसऱ्या आठवड्यात "चहा" सुटा ऐकू आला.

वहिनीने मला फोन करून सांगितलं, सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी काठी टेकून उभे राहिले आणि गाऊन चहा मागितला. "मी म्हटलं, अहो, गाऊन मागताय काय, मागायचं तर नाव घेऊन मागा." तिचा आवाज हसत होता. नाव यायला आणखी दीड महिना लागला. ते चालीत बसत नव्हतं, तीन अक्षरी होतं. पण आलं.

याला आता वर्ष होत आलं. दादा बोलतो, तुटक, शब्द शोधत, चिडत. नोकरी गेली ती गेलीच. मंगळवार-शुक्रवारऐवजी आता फक्त शुक्रवार आहे. ती चाल त्याने कधीच टाकून दिली. पुतणीने एकदा लावली तर "बंद कर" म्हणाला. मलाही ती नकोशी झाली आहे. ऑफिसच्या लिफ्टमध्ये, भाजी निवडताना, ती आपली आपण सुरू होते, आणि मी वैतागते.

गेल्या महिन्यात वहिनी चार दिवस माहेरी गेली. आपणहून, पहिल्यांदाच. मी रजा घेऊन दादाकडे राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची औषधं देऊन, भांडी घासून मी खुर्चीत बसले होते. काही विचार करत नव्हते. पायातले गोळे दुखत होते, ते चोळत होते. दादा पलंगावरून माझ्याकडे बघत होता. ओठ हलत होते. शब्द शोधत असला की त्याच्याकडे बघायचं नाही, असं मी शिकले होते, म्हणून भिंतीकडे बघत राहिले.

"दमलीस," तो म्हणाला.

"हो रे दादा," मी म्हटलं. "दमले."

त्याने मान हलवली आणि पलंगावर जरा भिंतीकडे सरकला. मी पायाशी आडवी झाले.