तळाचं वरण

वाढण्याआधी ती पातेल्यात डाव तळापर्यंत घालायची आणि तीनदा फिरवायची. "तळाचं वर येऊ द्या, मग वाढा," हे तिचं रोजचं वाक्य. लहान जावेनं घाईत वरवरचं वाढलं की हिचा हात आडवा यायचाच. "पहिल्याले पाणी अन् शेवटच्याले डाळ, असं नाही चालणार माह्या घरी."

रायपुरात बुढापाऱ्याच्या गल्लीत आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. आता ती मंडळी भनपुरीकडे राहायला गेली. माझ्या जिन्यातून तिचं स्वयंपाकघर सरळ दिसायचं, आणि शाळेतून रिटायर झालेल्या बाईला दुसरं काम तरी काय असतं? थोरली सून म्हणून सारी गल्ली तिला मोठी म्हणायची. दुपारच्या जेवणाला घरात अकरा माणसं: सासरे, तीन भाऊ, तिघांच्या बायका आणि चार पोरं. भावांचं दुकान घरामागच्या तलावाजवळच, त्यामुळे डबा कुणालाच नको, गरम ताट हवं.

अकराही जण पोटभर जेवले पाहिजेत, खर्च आवाक्यात राहिला पाहिजे आणि खाल्लेलं अंगाला लागलं पाहिजे. या तिन्हींचा मेळ घालण्यात तिचा जन्म चालला होता. सकाळी चहाचा कप घेऊन जिन्यात यायची आणि विचारायची, "बाई, उद्या काय भिजवू?" आजची चूल पेटायच्या आधी उद्याचा घोर लागलेली बाई तुम्ही पाहिलीय कधी? मी रोज पाहायचे. चणे, बरबटी, मटकी यांच्या पाळ्या लावलेल्या. तूर महाग म्हणून वरणात निम्मी मसूर. आठवड्यातून एकदा गोळाभात, कारण बेसनाचे गोळे पोटात गेले की पोट्टे संध्याकाळपर्यंत काही मागत नाहीत. सोयाबीनच्या वड्या पोरांना आवडेनात, तर तिनं त्या भिजवून, कुटून पराठ्यात भरल्या. पोरं विचारायची, "बड़ी मम्मी, इसमें क्या डाला?" ही म्हणायची, "जादू. खा चुपचाप." अंडी मात्र अंगणातल्या वेगळ्या शेगडीवर. तेवढा वेळ सासरे पेपर तोंडासमोर धरून बसायचे, म्हणजे पाहिलं नाही असं म्हणायला मोकळे.

सासरे खाणारा माणूस. घट्ट वरण, वर तुपाची धार, मग भात कालवायचा. "मोठीच्या हातचं वरण वाटीत उभं राहते," असं गल्लीभर सांगायचे. तिला तेवढं कौतुक पुरे होतं. एवढंसंच? हो, एवढंसंच. नवऱ्यानं तिला कधी बरं म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

मग सासऱ्यांच्या पायांवर सूज आली. तपासण्या झाल्या आणि किडनीचं दुखणं निघालं. डॉक्टरांचा कागद वाचून घ्यायला ती माझ्याकडे आली. डाळ, उसळ, बेसन, सगळं अगदी मोजकं. तिनं कागदाची घडी घातली. "म्हणजे मी जे जे शिजवून राहिली, ते सारंच बंद," एवढंच म्हणाली.

तिघा भावांनी ठरवलं की बाबांना सांगायचं नाही, कळलं तर खचतील. ठरवून ते दुकानावर निघून गेले. ताट वाढायचं होतं हिला.

दुसऱ्या दिवशी मी जिन्यातून पाहिलं. डाव न फिरवता तिनं वरचं निवळ पाणी हलकेच सासऱ्यांच्या वाटीत घातलं. मग डाव तळापर्यंत नेला, तीनदा फिरवला आणि बाकीच्यांना वाढलं. म्हाताऱ्याचे डोळे अधू होते, पण इतकेही नव्हते.

चार दिवस त्यांनी ते तसंच खाल्लं. पाचव्या दिवशी चहाच्या टपरीवर बोलले, "आता कमवत नाही ना मी. मोठी मले पाणी वाढते." झालं! गल्लीला विषय मिळाला. भाजीवालीसुद्धा हिला म्हणाली, "दीदी, बुजुर्ग आदमी हैं, अच्छे से खिलाया करो." ही मान हलवून नुसती "हव" म्हणाली आणि दुधी उचलून घरी आली.

फोडणी खमंग करून पाहिली, तूप वाढवलं, दुधीची भाजी चार तऱ्हेची केली. म्हातारा वाटीत बोट फिरवून म्हणायचा, "वास त येते, डाळ कुठी हाय?"

"बाई, सांगून टाकू का त्यायले?" एकदा तिनं विचारलं. "नवऱ्याला विचार," मी म्हणाले. तीस वर्षं पोरींना धीट व्हा म्हणून शिकवलं आणि ऐन वेळी माझं हे शहाणपण! नवऱ्यानं सांगितलं, "खबरदार. बाबांना काही झालं तर तुझ्यावर येईल." पुन्हा तिनं विषय काढला नाही.

एका दुपारी म्हातारा माझ्याच दारात. खुर्चीत टेकला आणि माझ्या ताटाकडे बघत राहिला. "बाई, तुमच्या इथं वरण घट्ट असते का हो?" कागद मीच वाचला होता. तरी वाटीभर दिलं. त्यानं सावकाश खाल्लं, वाटी बोटानं पुसली. "मोठी पहिले असंच वाढे," म्हणाला. "मी काय बिघडवलं तिचं, देव जाणे." खरं माझ्या जिभेवर होतं. तिथंच राहिलं.

आठ दिवसांनी त्यांना दवाखान्यात नेलं आणि तिथंच ते गेले. एका वाटीनं काही होत नाही, असं डॉक्टर म्हणतील. मला ते अजून पटत नाही.

सुतकात मी तिला त्या वाटीचं सांगून टाकलं. वाटलं, आता ही मला घराबाहेर काढणार. तिनं विचारलं, "घट्ट होतं?"

"हो."

"तूप?"

"घातलं होतं."

पदर तोंडाला लावून ती खूप रडली. "बरं केलं बाई. कोणी त देल्लं." मग डोळे पुसून म्हणाली, "माहं नाव घेतलं काय त्यायनं?"

"घेतलं," मी म्हणाले. सासरे काय म्हणाले, हे तिनं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

तेराव्याला तिनं निव्वळ तुरीचं वरण केलं. पहिली पत्रावळ सासऱ्यांची, अंगणाच्या भिंतीवर ठेवायची. तिनं डाव पातेल्याच्या तळाला नेला, पण फिरवला नाही. तळाचं घट्ट तेवढं अलगद वर काढलं. एक डाव, दुसरा, तिसरा. वर तुपाची धार. "घ्या मामाजी," ती म्हणाली.

मग घरच्यांची पंगत बसली. त्या दिवशी सगळ्यांच्या वाटीत पाणीच आलं. तिचा नवरा वाटीकडे बघत राहिला, मग खाली मान घालून त्यानं ते भातावर ओतलं.