येतानाच्या दशम्या

बाळांनो, ते प्रकरण मी अजून विसरलेले नाही. तेव्हा मी जालन्यातल्या एका पोलीस ठाण्याची प्रभारी होते. थंडीचे दिवस होते. बदनापूरकडच्या खेड्यातले एक शेतकरी आपल्या मोठ्या मुलाला घेऊन ठाण्यात आले. त्यांची मुलगी नवीन जालन्यात वसतिगृहात राहून शिकत होती. ते तिला तूप द्यायला गेले, तर ती नव्हती. वसतिगृहात तिने ‘घरी जाते’ म्हणून सांगितले होते आणि घरी ‘परीक्षा आहे, येत नाही’ म्हणून. फोन बंद होता.

मुलगी सज्ञान होती. मी मिसिंग, म्हणजे बेपत्ता असल्याची नोंद, दाखल करून घेतली आणि रेल्वे स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांकडे चौकशीला माणूस पाठवला. एकाने फोटो ओळखला. ही मुलगी आणि एक मुलगा मोठ्या पिशव्या घेऊन त्याच्या रिक्षातून स्टेशनवर उतरले होते. मुलगा तिच्याच वर्गातला निघाला. त्याचे आडनाव ऐकताच भावाचा चेहरा बदलला.

“मॅडम, तुमी तुमचं करा. आमी त्याच्या घरी जाऊन येतो.”

“तू इथंच बसायचं. चहा मागवते.”

“मला चहा न्हाई लागत.”

“मग बिनचहाचा बस.”

त्या घरच्यांना कोणी हात लावू नये म्हणून मुलाच्या घराजवळ मी साध्या वेशात दोन अंमलदार ठेवले. वडील एकच वाक्य म्हणत होते, “सापडली की कॉलेज बंद. लग्न लावून मोकळा होतो.”

तिची जवळची मैत्रीण जुन्या जालन्यात राहायची. पाय मुरगळल्यामुळे ती घरीच होती. महिला अंमलदाराला घेऊन मी तिच्याकडे गेले. तिची आई आत चहा टाकायला गेली. मैत्रिणीचे सगळ्याला एकच उत्तर, “मला काईच माहीत न्हाई, मॅडम.”

ज्याला खरेच माहीत नसते, तो उलट आपल्यालाच विचारतो, काय झालं, कधीपासून नाही. हिने काहीच विचारले नाही.

आई चहा घेऊन आली. मी म्हटले, “हिची मैत्रीण घरी पोचली नाही.”

“आता कशी पोचंल? लई लांब गेलेत ते समदे. दुधात भिजवून दशम्या करून देल्या मी, जायला-यायला पुरतील अशा. बाहेर खायचा खर्चा नको म्हणे. अन् आमची ही बसली पाय धरून.”

मी कप खाली ठेवला. पळून जाणारी मुलगी येतानाच्या दशम्या बांधून नेत नाही.

मग मैत्रीण बोलली. भूगोलाच्या वर्गातली ही मुलं-मुली जैसलमेरच्या पुढे, वाळूत उभा असलेला एक पडका किल्ला बघायला गेली होती. जनरलच्या डब्यातून प्रवास आणि धर्मशाळेत मुक्काम. “परीक्षेत वाळूच्या टेकड्या काढून मार्क घेतो, मॅडम. पाहिल्या कुणीच न्हाईत.”

तिकडच्या ठाण्याला मी फोन लावला. तिथल्या हवालदाराने मुलांना शोधून काढले आणि आपल्या फोनवरून मुलीला बोलायला लावले. वडिलांसमोर मी स्पीकर सुरू केला.

“अण्णा, मी येऊन राह्यले. रागावू नका.”

“कोण कोण हाय संगं?”

तिने सगळी नावे सांगितली. त्यात मुलीच जास्त होत्या. भाऊ खाली बघू लागला. वडील फोनजवळ सरकले.

“तिकडं पिकतं काय?”

“बाजरी. पाणी लई लांबून आणतेत, अण्णा.”

परतल्यावर ती गाडीतून उतरून थेट ठाण्यात आली. तोंड उन्हाने रापलेले, केसांत अजून वाळू. मी जबाब नोंदवला आणि वडिलांसमोर वाचून दाखवला: ‘विचारले असते तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारले नाही.’

वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. लग्नाचा विषय त्यांनी काढला नाही. उठताना मुलीला एवढेच म्हणाले, “पुढच्या खेपेला इचारून जाय.”

तुम्हीही शिकायला घरापासून दूर राहता, म्हणून हे मुद्दाम लिहिते. हरवलेल्या मुलीबद्दल आम्ही सगळे, पोलीससुद्धा, आधी विचारतो की ती कोणाबरोबर गेली. त्या प्रकरणानंतर मी माझ्या अंमलदारांना आधी दुसराच प्रश्न विचारायला लावला: तिला कुठे जायचे होते? बऱ्याच घरांतल्या मुलींबद्दल तो प्रश्न पहिल्यांदा ठाण्यातच विचारला जाई.